पुढे केलेला हात

बी.एड.च्या इंटर्नशिपचा चौथा दिवस, सातवी ब, अपूर्णांकांची बेरीज. शेवटच्या बाकावरच्या मुलाने गृहपाठ केला नव्हता. मी जवळ गेले. हातात फळ्यावर रेघा मारायची लाकडी पट्टी होती. मी काही बोलायच्या आत त्याने हात पुढे केला. डोळे मिटलेले, बोटं ताणलेली, अंगठा मात्र आत दुमडलेला. अंगठ्यावर पट्टी बसली की काय होतं, ते खाल्लेल्यालाच ठाऊक.

मीही अंगठा असाच आत घ्यायचे. चौथीत सतराच्या पाढ्याला अडखळलं की सर पट्टी उभी धरून पेरांवर मारायचे. घरी सांगायची सोय नव्हती. ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणत बाबा आणखी दोन ठेवून द्यायचे.

शिक्षण हक्क कायद्याचं कलमही नेमकं सतरावंच. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी. कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मी चौथीत गेले. म्हणजे तो मार बेकायदा होता, हे मला बी.एड.ला आल्यावर कळलं!

त्या रात्री होस्टेलवर हे सांगितलं, तर प्रत्येकीकडे काही ना काही होतंच. एक म्हणाली, “मार खाल्ला म्हणून तर घडलो.” आणि मग तिला मारलं त्या दिवशी कुठला फ्रॉक घातला होता, तेही तिने सांगितलं. सगळ्या झोपायला गेल्यावर एकजण मागे थांबली. तिचं माराचं नव्हतं, नात्यातल्या माणसाचं होतं. “बाईंनी एकदा विचारलं असतं ना, तर सांगितलं असतं गं,” एवढंच बोलली.

केंद्र सरकारचा २००७ चा अहवाल आहे, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. त्या पिढीतली कितीतरी मुलं आज वर्गात खडू घेऊन उभी असतील. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे आम्हाला शिकवतात. ते ऐकताना आपलंच जुनं वर आलं तर काय करायचं, हे मात्र आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. ते शिकवायला हवं, आणि आम्ही वर्गावर जायच्या आधी.

कारण खरं सांगते, तो हात समोर आला तेव्हा पट्टीवरची माझी मूठ घट्ट झाली होती.

“हात खाली घे, बाळा,” मी म्हटलं. त्याने एक डोळा उघडला, पट्टीकडे पाहिलं आणि हात तसाच ठेवला. मी जाऊन पट्टी टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे तो खाली गेला.