मांडीचं हाड आन् शेणाचे दगड

राजेहो, कथा अर्धवट टाकून आज सुट्टी मारली. सध्या कोलकात्यात आहो त इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या म्युझियममधे बारापासॉरस नावाच्या डायनोसॉरचा सांगाडा पाहून आलो. आपल्या सिरोंच्याच्या पलीकडं, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातला गडी, 1975 मधे त्याले टागोरांचं नाव देलं. मांडीचं हाडच पाच फुटाच्या वर, त्याच्यावरच्या बारीक भेगा पाहत किती वेळ उभा होतो काय माहीत. पण खरं सांगू, मले आपल्या वरोऱ्याकडचा पिजदुराच भारी वाटते, तिथं डायनोसॉरच्या शेणाचे दगड सापडतात, त्यात गवताचे अंश निघाले आन् डायनोसॉरच्या काळातबी गवत होतं हे 2005 मधे जगाले समजलं! बायकोले फोनवर सांगतलं त म्हणते, इतक्या लांब जाऊन तुम्हाले शेणच आठवलं?