हँडलच्या दुसऱ्या टोकाला

मला दिसत नाही. गाइड डॉग, म्हणजे अंध माणसाला रस्त्यावरून नेणारा शिकवलेला कुत्रा, घेणार म्हटल्यावर ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने हाच प्रश्न विचारला, "पण तुला कुठे जायचंय ते त्याला कळणार कसं?" कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचं सगळं नातं त्यावरच उभं आहे. कुठे जायचं, कितव्या चौकात वळायचं, हे माझ्या डोक्यात असावं लागतं. वाटेतले खांब, खड्डे, उभ्या करून ठेवलेल्या सायकली, मध्येच थांबलेली माणसं यांतून मला सुखरूप काढणं हे कुत्र्याचं काम. सिग्नल त्याच्या हिशेबातच नसतो; लाल आणि हिरवा हे रंग कुत्र्यांना नीट वेगळे ओळखू येत नाहीत. रस्ता कधी ओलांडायचा हे मी गाड्यांच्या आवाजावरून ठरवते आणि तसा हुकूम देते.

म्हणूनच काठी घेऊन एकटीने फिरता येत नसेल तर सहसा कुत्रा मिळत नाही. या कुत्र्यांना शिकवणाऱ्या केंद्राकडे अर्ज केल्यावर तिथले प्रशिक्षक आले ते आधी माझं काठीने चालणं बघायला. मग त्यांनी एक रिकामा हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधायचा ताठ हँडलचा पट्ट्यांचा साज, काढला, पट्ट्यांकडची बाजू स्वतः धरली, हँडल माझ्या डाव्या हातात दिलं आणि कुत्र्याच्या जागी स्वतः चालू लागले. कधी वेग वाढवायचे, कधी एकदम थांबायचे, कधी जोरात ओढायचे. मी किती भरभर चालते, किती ओढ सोसते, तोल कसा सावरते, आवाज न चढवता ठामपणे बोलता येतं का, हे सगळं ते बघत होते. घरी कोण कोण असतं, रोज बाहेर पडावं लागतं का, गर्दीत जावं लागतं का, याचीही चौकशी झाली. जोडी जुळवायची म्हणजे हेच जुळवायचं असतं. भरभर चालणाऱ्या माणसाला रेंगाळणारा कुत्रा दिला की दोघांचेही हाल. मग वाट बघणं आलं. ते बरंच लांबलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रुबी काळी लॅब्रेडॉर, तेव्हा दोन वर्षांची. अगदी लहान असताना ती एका स्वयंसेवक कुटुंबात गेली, तिथे वर्षभराहून जास्त राहिली, मग केंद्रात कित्येक महिने शिकली. म्हणजे माझ्यापर्यंत येईतो तिने दोनदा माणसांना जीव लावला होता आणि दोन्ही वेळा ती माणसं सुटली होती. तिसऱ्या माणसावर लगेच विश्वास ठेवावा असं तिच्याकडे कारण नव्हतं. पहिल्या भेटीत तिने माझा तळहात हुंगला, माझ्या हातून एक बिस्किट घेतलं आणि दाराशी जाऊन बसली. दारापलीकडे प्रशिक्षक होते.

केंद्रात काही आठवडे राहूनच शिकायचं असतं. सुरुवातीला ती सतत माझ्याजवळ असायची. खाणं, पाणी, बाहेर नेणं, अंग विंचरणं, सगळं माझ्याच हातून. प्रशिक्षकांनी तिला हात लावणं आणि नावाने हाक मारणं बंद केलं. ते आले की तिची शेपटी खुर्चीच्या पायावर आपटत राहायची, आणि ते तिच्याशी एक अक्षर न बोलता मला उद्याचा रस्ता समजावून सांगायचे. मला तिच्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त वाईट वाटायचं. ज्यांनी तिला सगळं शिकवलं, त्यांच्याच वाट्याला तिला स्वतःपासून सोडवायचं काम आलं होतं, आणि ते त्यांनी कसोशीने केलं. एके संध्याकाळी ते आले तेव्हा शेपटी वाजली, पण तिचं डोकं माझ्या पायावरून हललं नाही.

खरं शिकणं माझ्या डाव्या हाताचं होतं. हँडल ताठ असतं, पट्ट्यासारखं लवचीक नाही, त्यामुळे कुत्र्याच्या खांद्यांची प्रत्येक हालचाल मुठीपर्यंत पोहोचते. रुबीने मान वळवली की हँडलला हलका पीळ बसतो. ती काही हुंगायला वाकली की पुढचा भाग खाली जातो. पायरी आली की ती आधी वेग कमी करते, मग थांबते. अरुंद जागेतून न्यायचं असलं की ती मला किंचित मागे घेते. अंगावर येणारं माणूस आणि वाटेत पडलेली पेटी यांना ती वेगळ्या तऱ्हेने वळसा घालते. माणसासाठी थोडी थांबते, पेटीसाठी नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, चालता चालता मुठीला कळत गेलं.

काठी सोडून कुत्र्यासोबत चालू लागलं की एक अडचण येते, तिची कल्पना मला नव्हती. काठीला सगळं लागतं: हा खांब, ही कचरापेटी, इथे भिंत संपली. या लागण्यावरच मी रस्ते पाठ केले होते. कुत्रा मात्र काहीच लागू देत नाही. ज्या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं चालले, तिथे रुबीसोबत मला आपण कुठे आहोत ते कळेना. माझ्या सगळ्या खुणा तिने अलगद बाजूने काढल्या होत्या. मग नव्या खुणा शोधल्या. दोन इमारतींमधल्या फटीतून गालावर येणारा वारा, पायाखालचा उतार, आवाज अचानक मोकळा होतो ती जागा. आणि स्वतः रुबी: एका फाटकाशी ती नेहमी जरा रेंगाळते, कारण आत एक मांजर असतं. ते फाटक आता माझी खूण आहे.

फुटपाथच्या काठाशी ती थांबते, तेव्हा मीही थांबून पायाने काठ शोधायचा, तिला शाबासकी द्यायची, आणि मगच "फॉरवर्ड" म्हणायचं. घाईच्या सकाळी हे जिवावर येतं. पण मी न बघता पुढे निघाले तर थांबण्याला अर्थ नाही असं ती शिकेल, म्हणून प्रशिक्षक या बाबतीत फार कडक होते. डोक्याच्या उंचीवर आलेल्या फांदीचंही तसंच. रुबी तिच्याखालून आरामात जाते, फांदीचा त्रास फक्त मला. तरी ती थांबते, कारण मी किती उंच आणि किती रुंद आहे याचा हिशेब तिने आपल्या अंगाला जोडून घेतला आहे. प्रशिक्षणात मला सगळ्यात थक्क कशाने केलं असेल तर याने.

हुकूम न पाळण्याचा सराव होता तोही सांगते. केंद्राची गाडी ठरवून अचानक आमच्या वाटेत आणायचे. मी "फॉरवर्ड" म्हटलं, रुबी हलली नाही. इलेक्ट्रिक गाडी होती, मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पुन्हा म्हणावंसं वाटलं, तेवढ्यात हँडल मागे माझ्या मांडीवर दाबलं गेलं आणि अगदी समोरून हवा सरकली. तिला शिकवलेलं असतं की हुकूम धोक्यात नेणारा असेल तर तो मोडायचा. मला शिकायचं होतं ते एवढंच की तिने नाही म्हटलं तर वाद घालायचा नाही. दोघींमध्ये हे शिकणं मलाच जास्त जड गेलं.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग इथे 1916 साली अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. अमेरिकेचे मॉरिस फ्रँक स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची जर्मन शेपर्ड कुत्री घेऊन परतले आणि 1928 साली न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांच्या देखत त्यांनी तिच्यासोबत गजबजलेला रस्ता ओलांडून दाखवला. आधी मला यात फक्त धाडस दिसायचं. आता वाटतं, त्या दोघांनी त्याआधी एकमेकांसोबत किती साधे, रिकामे रस्ते तुडवले असतील!

घरी आल्यावर नातं घट्ट झालं ते मात्र रस्त्यावर नाही, रोजच्या कामांत. सकाळी तिला बाहेर नेते तेव्हा माझा हात तिच्या पाठीवर असतो. पाठीला कमान आली की ती शौचाला बसली आहे हे कळतं, आणि पिशवी हातावर चढवून नेमकं कुठे वाकायचं तेही. रात्री पंजे एकेक करून चाचपते, बोटांच्या मधे खडा किंवा काटा आहे का बघते. कान हुंगते, संसर्ग झाला की आंबूस वास येतो आणि तो डोळ्यांआधी नाकालाच कळतो. हार्नेस उतरवला की ती साधी कुत्री असते, मोजे पळवते, पाठीवर लोळते. पुन्हा हार्नेसची कडी वाजली की स्वतःहून येऊन त्यात डोकं घालते. असं चालत चालत एक दिवस लक्षात आलं की मी तिला काय सांगायचं याचा विचार करणं सोडलं आहे, माझे पायच तिला सांगतात. प्रशिक्षकांनी बजावलं होतं की जोडी पक्की व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि ते खरं ठरलं.

बाहेरच्यांनी एवढं करावं, अशी माझी मनापासून विनंती आहे: हार्नेस घातलेल्या कुत्र्याला हाक मारू नका, हात लावू नका, खायला देऊ नका. एका ठिकाणी कोणीतरी टेबलाखालून तिला गुपचूप घास दिला, आणि पुढचे कित्येक दिवस ती प्रत्येक टेबलाकडे ओढत राहिली. ती ओढ माझ्या खांद्याने सोसली आणि सवय मोडण्याची मेहनत तिने. मदत करायची असेल तर माझ्याशी बोला. मला धरून ओढू नका आणि हँडल तर कधीच धरू नका.

रुबी आता आठ वर्षांची आहे. हे कुत्रे साधारण आठ ते दहा वर्षांचे होईपर्यंत काम करतात. केंद्राचे लोक मधूनमधून येऊन तिची चाल बघतात आणि चढावर ती पूर्वीसारखी ओढत नाही, हे त्यांच्याआधी माझ्या मुठीला कळलं होतं. दुसऱ्या कुत्र्यासाठी मी अर्ज भरला आहे. मॉरिस फ्रँक यांनी पुढच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बडीच ठेवलं होतं. मला ते जमणार नाही, नवा कुत्रा स्वतःचं नाव घेऊन येईल. रुबी माझ्या बहिणीकडे राहील, असं आम्ही ठरवलं आहे. तिला सवय व्हावी म्हणून बहीण आतापासूनच रोज संध्याकाळी येते, हार्नेस न घालता नुसता पट्टा लावून तिला फिरायला नेते, आणि रुबीला हवं ते हवं तितका वेळ हुंगू देते.