शिडीचे आठ स्क्रू

मालवणजवळच्या देवबागला माडांखाली ठेवलेली सोळा फुटी फायबरची होडी, तिला दोन सिलिंडरचं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावायचं इंजिन. घेणारे कोल्हापूरचे, नवरा-बायको आणि दोन मुलं. सुट्टीत कर्लीच्या खाडीत गळ टाकायचा, समुद्र शांत असेल तेव्हा संगमाबाहेर सुरमईसाठी जायचं आणि मुलांना ट्यूबवर बसवून ओढायचं, असा बेत. मला निरोप होता, "इंजिन तेवढं बघून द्या." जुनी होडी घेणारा प्रत्येक जण हेच सांगतो.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. सकाळी आठला इंजिनच्या झाकणावर हात ठेवला, तर ते गरम. लेगखाली, म्हणजे इंजिनच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाला, पाण्याचं पिंप लावलेलं आणि पाण्यावर तेलाचा तवंग. मालक म्हणाले, "तुमी येतालात म्हणान गरम करून ठेवलंय."

गरम इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं, त्यातून काही कळत नाही. कार्बोरेटर तुंबलाय का, चोक धड चालतो का, हे थंड इंजिनच सांगतं. म्हणून झाकण काढून ठेवलं, तीन तास कोणी हात लावू नका म्हटलं आणि होडीकडे वळलो.

होडीला निळा रंग नुकताच दिलेला, पण फक्त मागच्या अर्ध्या भागाला. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं तिला आमच्याकडे ट्रान्समच म्हणतात. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. वर टणटण आवाज, इंजिनच्या पकडीखाली भद्द. डावीकडे शिडी होती त्या भागात तर ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखं वाटलं. मग इंजिन तिरकं करून लॉक केलं आणि लेगवर अंगाचा भार टाकला. ट्रान्सम हलली. फार नाही, पण कोपऱ्यातला नवा रंग केसाएवढा फाटला.

ती शिडी स्टीलची, मुलांना पाण्यातून वर चढायला मागाहून बसवलेली. कोल्हापूरच्या वहिनींना होडीत सगळ्यात जास्त आवडली होती ती शिडीच. दोन पट्ट्या, प्रत्येकी चार स्क्रू. मालकांच्या परवानगीने सर्वांत खालचा स्क्रू काढला. भोकातून आधी काळपट चहासारखा थेंब आला, मग धार लागली. बोटावर घेऊन जिभेला लावलं. खारट नव्हतं.

म्हणजे हे खाडीचं पाणी नव्हतं, पावसाचं होतं. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा माजत नाही, गोड्या पाण्यात माजते. ही होडी चार महिने परड्यात पुढची नाळ वर आणि मागची बाजू खाली अशी पडलेली, वर ताडपत्री नाही आणि तळाचं बूच लावलेलं. पाऊस आत साचला. शिडीच्या स्क्रूंची टोकं ट्रान्सममधून आत आलेली होती, त्यांच्या कडेने पाणी प्लायवूडमध्ये शिरलं. बसवणाऱ्याने भोकात सीलंट भरलं असतं तर एवढं झालं नसतं. खरी रीत अशी की भोक मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने बुजवायचं आणि ते वाळलं की त्यातच नवं, लहान भोक पाडायचं. मग लाकूड उघडं राहतच नाही. पाण्याची बाटली कापून धारेखाली लावून ठेवली.

गिअरबॉक्सचं तेल सोडलं ते दुधट निघालं. कोल्हापूरकरांचा चेहरा पडला. प्रॉपेलर उतरवला, तर शाफ्टवर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, गुंडाळलेली आणि वितळून सीलमध्ये रुतलेली. गळाने मासे धरणाऱ्या होडीत हे हमखास दिसतं. तंगूस सील कापते, तिथून पाणी तेलात जातं. हे वेळेवर सापडलं तर किरकोळ काम आहे. बेअरिंगला गंज नव्हता, नवं सील आणि नवं तेल घातलं की झालं. लोक दुधट तेल बघून उठून जातात आणि भद्द वाजणाऱ्या ट्रान्समवर रंग छान आहे म्हणून पैसे मोजतात.

अकरा वाजता थंड इंजिन तिसऱ्या ओढीला सुरू झालं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी जोरात येत होती, म्हणजे ते पाणी ओढणारं चक्र, इंपेलर, ठीक. दहा मिनिटांनी बंद करून प्लग काढले, ठिणगी बंद ठेवली, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि दोरी ओढत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. एक सिलिंडर ११० पीएसआय, दुसरा १०५. आकड्यापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा, तो दहा टक्क्यांच्या आत हवा. पेट्रोल इंजिनकडे ढकलायचा रबरी पंपगोळा मात्र चिरलेला आणि नळी चिकट झालेली. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी तशीच ठेवू नये. एक मात्र सांगून ठेवलं. सुरमईमागे तासभर हळू फिरलं की टू-स्ट्रोकचे प्लग तेलाने काळे होतात, तेव्हा पाना आणि दोन प्लग सोबत हवेतच.

होडी धक्क्यावर न्यायला टेम्पो आला. वाटेत चिऱ्याच्या गाड्यांचा वजनकाटा लागतो, तिथे थांबवला. सामान आणि टाकी काढून, इंजिनचे ७५ किलो वजा करून होडी भरली ४६० किलो. याच साच्यातली दुसरी होडी मी मागे तोलली होती, ती ३४० भरली होती. वरचे १२० किलो म्हणजे तळाखालच्या फोममध्ये आणि प्लायवूडमध्ये मुरलेलं पाणी.

माणसांचा ढोबळ हिशेब असा: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले १५. सोळा गुणिले सहा म्हणजे ९६, तेव्हा सहा माणसं. त्यातली दोन आधीच बसून आहेत आणि ती कधी उतरणार नाहीत. ट्यूबची दोरीही याच ट्रान्समच्या कड्यांना बांधायची. वळणावर दोन मुलांची ट्यूब जो हिसका देते तो कुजक्या प्लायवूडने झेलायचा? आणि संगमावर ओहोटीचं पाणी बाहेर पडताना समोरून लाट आली की ती उभी राहते. तिथे जड बुडाची होडी पटकन नाळ उचलत नाही.

समुद्रावरची चाचणी मग घेतलीच नाही. दुरुस्ती होते, नाही असं नाही. आतली कातडी कापायची, कुजलेलं खरवडायचं, १८ मिलिमीटरचे दोन मरीन प्लाय इपॉक्सीने चिकटवून बसवायचे, वर फायबर चढवायचं. पण तळ उघडून फोमही काढायचा म्हणजे अर्धी होडी नव्याने बांधणं. होडीच्या सव्वातीन लाखांवर तो खर्च कोण घालणार?

दुपारी मालकांनी इंजिन, स्टिअरिंग आणि गिअर-थ्रॉटलचा रिमोट बॉक्स वेगळे विकायचं कबूल केलं. स्टिअरिंग मी मुद्दाम घ्यायला लावलं. ट्यूब ओढताना हँडल धरून मागे वाकून चालवणं धोक्याचं, चालवणाऱ्याची नजर पुढे हवी आणि मुलांकडे बघायला दुसरा माणूस. नवी होडी बघताना ट्रान्समची उंची २० इंच बघा म्हटलं, हे इंजिन लाँग शाफ्टचं, म्हणजे लांब लेगचं, आहे. पैसे घेऊन पर्यटकांना ओढायचं मनात आलं, तर महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाची परवानगी लागते, तेही सांगितलं.

निघताना वहिनी म्हणाल्या, "ती शिडी तेवढी द्याल का?" मालक हसले, "न्हेवा." उरलेले सात स्क्रू काढायला बसलो. पाच नुसत्या बोटांनी फिरले. कापलेली बाटली तोवर भरून वाहत होती.