डावी टाकी

मी अमेरिकेत, ओरेगनमध्ये, छोट्या विमानांची देखभाल करतो. आमच्या विमानतळावर बरीचशी विमानं मालकांनी स्वतः बांधलेली आहेत. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने केलं असेल, तर इथे ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात त्याची नोंद होते. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, त्याचं मला आजही अप्रूप आहे. इथे मला ती धडपड रोज जवळून पाहायला मिळते.

एके दिवशी आलेलं विमान दोन आसनी होतं. पंख धडाच्या खालच्या बाजूला, दोन्ही पंखांत इंधनाच्या टाक्या, पुढे १६० हॉर्सपॉवरचं कार्बोरेटरवालं लायकमिंग इंजिन. या इंजिनाला इंधनाचा दाब ०.५ ते ८ पीएसआय (दाबाचं एकक) चालतो. मालकांची तक्रार अशी, की चढताना दाब ५ वरून घसरत १ च्या खाली जातो, परत वर येतो, पुन्हा घसरतो. इंजिन मात्र अडखळत नाही. सेन्सर त्यांनी बदलला होता, इंजिनावरचा पंपही बदलला होता. फरक शून्य.

नवीन भाग आणण्याआधी मला एकच गोष्ट हवी असते: आकडा खरा की खोटा? सेन्सरच्या लाइनवर टी (तीन तोंडांचा जोड) लावून साधा काट्याचा गेज जोडला. दोन्ही जुळले. इंजिन बराच वेळ चालवलं, दाब जागचा हलला नाही. दोष उड्डाणातच दिसतो म्हटल्यावर मी त्यांच्या इंजिन मॉनिटरमधली नोंद उतरवून घेतली आणि आलेख एकाखाली एक मांडून बसलो.

तिथे सगळं उघड झालं. प्रत्येक घसरणीच्या वेळी इंधन डाव्या टाकीतून येत होतं आणि ती अर्ध्याहून रिकामी होती. इलेक्ट्रिक बूस्ट पंप, म्हणजे इंजिनावरच्या पंपाच्या मदतीचा पंप, लावला तरी दाब नाचतच होता. बिचारे मालक काळजीपोटी माझ्याकडे येताना दोन्ही टाक्या काठोकाठ भरून आले होते, म्हणून जमिनीवर दोष लपला.

पंख खाली असलेल्या विमानात इंधन आपोआप इंजिनाकडे वाहत नाही, पंपाला ते ओढून घ्यावं लागतं. पंपाच्या अलीकडे कुठे फट असली, तर बाहेर थेंब गळत नाही. आत हवा शिरते. चिरलेल्या स्ट्रॉने शहाळं ओढावं तसं. टाकी आणि सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी झडप) यांच्या मधल्या सांध्यांवर ओल शोधण्यात म्हणूनच अर्थ नव्हता.

डावी टाकी एक तृतीयांशावर आणली. विमान उघड्यावर काढलं, अर्थिंग केलं, अग्निशामक हाताशी ठेवला. शेपूट खाली बांधून नाक वर केलं, म्हणजे चढताना जसं इंधन मागे सरकतं तसं सरकावं. टाकीतून इंधन बाहेर पडतं तिथे पारदर्शक नळीचा तुकडा घातला, कार्बोरेटरकडची लाइन कॅनमध्ये सोडली आणि बूस्ट पंप सुरू केला. निळसर अ‍ॅव्हगॅसमधून, म्हणजे विमानाच्या पेट्रोलमधून, बुडबुड्यांची माळ धावत गेली. मालक काही बोलले नाहीत. वाकून पाहतच राहिले.

हवा नळीच्या आधीच शिरत होती, म्हणजे दोष टाकीच्या पोटात. टाकी रिकामी करून बाजूची झाकणपट्टी काढली. सीलंट इतकं चिवट, की दुपार त्यातच गेली. आत, तळातून इंधन ओढणाऱ्या नळीचा नट बोटाने फिरत होता. टाकी भरलेली असताना तो सांधा इंधनात बुडालेला, म्हणून ढिला असूनही इंधनच ओढायचा. पातळी उतरून नाक वर झालं, की उघडा पडायचा आणि हवा घ्यायचा. यात सगळ्यात भीतीदायक गोष्ट ही, की त्या टाकीत इंधन शिल्लक असूनही इंजिन बंद पडू शकलं असतं.

नळीच्या टोकाची फ्लेअर (पसरट कड) भिंगातून पाहिली, तडा नव्हता. टॉर्क रेंचने नट नेमका आवळला, तो सुटू नये म्हणून सेफ्टी वायर बांधली, नवं सीलंट लावलं. ते पक्कं झाल्यावर तोंडाला फुगा लावून टाकीत अगदी हलका दाब भरून पाहिला. फुगा तसाच राहिला. मग तीच नळी, तेवढंच इंधन, नाक तेवढंच वर. एकही बुडबुडा नाही.

मालकांनी उजवी टाकीही उघडायला सांगितली. तिथला नट घट्ट होता. तरी त्यालाही वायर बांधली.