आमची वाटचाल : बिलं ठेवायची कुठे?

फोंड्याला भाड्याची एक खोली, दोन टेबलं आणि माझा जुना कॉम्प्युटर, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. औषधांची दुकानं, काजूवाले, हार्डवेअरवाले यांच्यासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. गिऱ्हाईक बटणांचे रंग बघतं. डेटा कुठे राहतो हे कुणी विचारत नाही. आमची झोप मात्र त्यानेच उडवली.

पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसवर होती. त्याच्या फाईलीची २ जीबीची मर्यादा छोट्या दुकानाला कधी नडली नाही, नडला तो पाऊस. बिल सेव्ह होताना वीज जायची, यूपीएस मेलेला असायचा आणि सकाळी फोन, "अहो, फाईल उघडत नाही."

मग एसक्यूएलाइट हा छोटा, फुकट डेटाबेस घेतला. वेगळा सर्व्हर नको, परवान्याचे पैसे नकोत, अख्खं दुकान एका फाईलीत. घेण्याआधी ऑफिसात बिल सेव्ह होताना मुद्दाम प्लग उपसत बसलो. भागीदार कळवळला, पण फाईल दरवेळी उघडली. अर्धवट बिल आपोआप रद्द झालेलं असायचं.

तरी चूक झालीच, आणि ती आमची. वेग मिळावा म्हणून एसक्यूएलाइटचा 'वॉल' (WAL) मोड लावला. त्यात ताज्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाईलीत जातात. आमचा बॅकअप मात्र मुख्य फाईलच पेन ड्राइव्हवर उतरवायचा. म्हापशाच्या एका औषधवाल्याची हार्ड डिस्क गेली, तेव्हा कॉपीत त्या दुपारची बिलंच नव्हती. दुकानात बसून कार्बन कॉपीवरून ती सगळी मीच पुन्हा भरली. आता एसक्यूएलाइटची स्वतःची बॅकअपची सोय वापरतो आणि कॉपी झाली की ती उघडून तपासतो.

दोन-तीन काउंटर असतील तिथे मात्र फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू देत नाही. नेटवर्कवर लॉकिंगचा, म्हणजे एक जण लिहिताना दुसऱ्याला थांबवण्याचा, भरवसा नाही आणि वॉल मोड तर वेगवेगळ्या मशीनवरून चालतच नाही. तिथे एका मशीनवर पोस्टग्रेस हा सर्व्हरवाला डेटाबेस बसवतो, त्याचे पैसे वेगळे घेतो. घासाघीस होते, होऊ दे.

गेल्या वर्षी डिचोलीच्या हार्डवेअरवाल्याने दुसरा काउंटर टाकला. डेटा पोस्टग्रेसमध्ये नेताना एका ओळीवर गाडी अडली. नगाच्या रकान्यात कुणीतरी 'दोन डझन' लिहिलं होतं. एक्सेलमधून माल भरतानाच ते आत आलं असणार. एसक्यूएलाइटने आकड्याच्या रकान्यात अक्षरं निमूट ठेवून घेतली होती. शेठना विचारलं, कसले दोन डझन? ते म्हणाले, "बिजागऱ्या. त्या कधीच संपल्या."