दिवसाआड पाळी

"तडजोड झाली." मध्यस्थ म्हणून कोर्टाला मी एवढंच कळवलं. बैठकीत कोण काय बोललं ते कळवायचं नसतं. इथंही ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

दोन भाऊ, एक बहीण, जालन्याकडची साडेसात एकर आणि एक विहीर. खालच्या कोर्टानं तिघांना सारखा हिस्सा दिला आणि भावांना पाण्याची आठवड्याची पाळी लावून दिली. थोरल्यानं अपील केलं. सगळे धरून चालले होते की, भांडण बहिणीच्या हिश्श्याचं आहे.

तिसऱ्या बैठकीत धाकटा म्हणाला, "साहेब, दोन वर्षं झाली, मी रात्रीच दारं धरतो." दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं.

विहिरीवरची मोटार चालते ती शेतीची थ्री फेज लाइन, म्हणजे वीज, त्यांच्याकडं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाळीही आठवड्याचीच! म्हणजे थोरल्याला कायम दिवस आणि धाकट्याला कायम रात्र, गव्हात बॅटरी घेऊन, साप-विंचवात. नऊ वर्षांच्या कागदांत, उलटतपासात, युक्तिवादात लाइनचा शब्दही नाही. आम्हा वकिलांना सातबारा तोंडपाठ असतो, पण मोटार किती वाजता चालू होते ते आम्ही विचारत नाही.

पाठकोऱ्या कागदावर चौदा चौकटी आखल्या. पाळी दिवसाआड केली. एकाला दिवसाच्या चार, रात्रीच्या तीन, दुसऱ्याला उलट. पुढच्या पंधरवड्यात अदलाबदल. थोरला कागदाकडं बघत राहिला. "माझ्या ध्यानातच नाही आलं रे," तो भावाला म्हणाला. बांध आणि गाडीवाट तासाभरात मिटली.

मग ताई म्हणाली, "माझा हिस्सा ह्या दोघांना लिहा. सही कुठं करू?"

मी तिच्याशी एकटीशी बोललो. मुलीचा हक्क जन्मानंच असतो, 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट सांगितलंय, तुमचे अडीच एकर होतात, असं सगळं समजावलं. सही न घेता पुढची तारीख दिली. पुढच्या तारखेलाही तिचं तेच. फक्त चौदा चौकटींच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "पहिली दिवसाची पाळी धाकट्याची लावा."

तशी लावली. वकिलांनी हात मिळवले, भाऊ एकाच मोटारसायकलवर गावी गेले.

बंद खोलीत ताई मला काय म्हणाली ते मला कुणालाच सांगता येत नाही. ते ऐकल्यावरही मी तिची सही घेतली.