पांदणीत चिखल, म्हणून पाय पटरीवर

पावसाळा लागला की आपल्या काळ्या मातीत पांदण रस्त्याचा गुडघाभर चिखल होतो. बैलगाडी रुतते, मोटरसायकल निघतच नाही. मग वावरात जायला कोरडी वाट एकच उरते, ती म्हणजे रेल्वेची पटरी. अकोला-बडनेरा पट्टा घ्या, वर्धा-हिंगणघाट-वरोरा घ्या, नाहीतर भंडारा-गोंदिया. डबा, विळा, वैरणीचा भारा घेऊन गिट्टीवरून चाललेली माणसं सगळीकडे दिसतात. त्यांची अडचण खरी आहे, म्हणून नुसतं ‘जाऊ नका’ सांगून भागत नाही. पटरीवर जीव कसा जातो ते नीट कळलं पाहिजे.

‘गाडी आली की ऐकू येतेच’ हा पहिला आणि सगळ्यात घातक समज. पूर्वी रुळांना थोड्या थोड्या अंतरावर सांधे असायचे, खडखडाट दुरून यायचा. आता रूळ वेल्डिंगने सलग जोडलेले आहेत आणि इंजिन विजेवर चालतं. गाडीचा बराचसा आवाज ती जवळ आल्यावर आणि पुढे गेल्यावरच जाणवतो. वारा उलटा असला किंवा शेजारच्या लाइनवरून मालगाडी जात असली तर तेवढाही कळत नाही. कानात इअरफोन असले तर बोलायलाच नको. भोंगाही ड्रायव्हरला माणूस दिसल्यावर वाजणार, आणि वळणावर किंवा डिसेंबरच्या धुक्यात तो दिसतो फार उशिरा.

समोरून येणारी गाडी डोळ्यांनाही फसवते. सरळ रेषेत येणारी मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं. ताशी ११० किलोमीटरची गाडी एका सेकंदात ३० मीटर कापते. अर्धा किलोमीटर दूर दिसली तर तुमच्याकडे सोळा-सतरा सेकंद आहेत. ड्रायव्हरने इमर्जन्सी ब्रेक मारला तरी एक्स्प्रेस थांबायला साधारण ८०० मीटर ते १ किलोमीटर लागतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरत जातं. चंद्रपूरकडून कोळसा भरून निघालेली अठ्ठावन्न वाघिणींची (मालडब्यांची) मालगाडी तर पाच हजार टनांच्या घरात असते. ड्रायव्हर तुम्हाला पाहतो, भोंगा दाबून धरतो, ब्रेक मारतो. त्यापुढे त्याच्या हातात काही नसतं.

आता रुंदीचा हिशोब बघा, कारण ‘मी तर कडेला उभा होतो’ इथेच घात होतो. दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर, आणि डबा जवळपास सव्वातीन मीटर रुंद. म्हणजे तो रुळाच्या बाहेर दोन्हीकडे पाऊण मीटर निघतो. रुळांखालचा सिमेंटचा आडवा स्लीपर पावणेतीन मीटर लांब. म्हणजे स्लीपरच्या टोकापासूनही डबा पाव मीटर पुढे असतो. स्लीपरच्या टोकाशी सरकून उभा राहिलेला माणूस गाडीच्या वाटेतच आहे. डोक्यावर भारा किंवा मोळी असेल तर आणखी आत. शिवाय गाडीच्या झोतात पदर, शेला ओढला जातो, वाघिणीतून कोळशाचे ढेकळं पडतात, डब्यातून बाटल्या फेकल्या जातात. रुळापासून निदान तीन-चार मीटर लांब, भरावाच्या खाली असलं पाहिजे.

दोन लाइनच्या मधली जागा तर सापळाच. जुन्या दुहेरी मार्गांवर दोन लाइनच्या मध्यांत सव्वाचार मीटर अंतर आहे. दोन्हीकडून गाड्या आल्या तर मध्ये जेमतेम मीटरभर जागा उरते. एका गाडीला वाट द्यायला माणूस शेजारच्या लाइनवर जातो आणि दुसरीखाली येतो. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेले प्रवासी शेजारच्या लाइनवर आले आणि कर्नाटक एक्स्प्रेसने उडवले.

‘या लाइनवर गाडी तिकडूनच येते’, ‘आता गाडीची वेळ नाही’, यावरही विसंबू नका. मालगाडीला वेळापत्रक नसतं, आणि काम चालू असलं की त्याच लाइनवर उलट दिशेनेही गाडी सोडतात. ८ मे २०२० च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. लॉकडाऊनमध्ये प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या नव्हत्या.

स्टेशनजवळ एका लाइनमधून दुसरी लाइन फुटते तिथे पाय ठेवू नका. गाडीची लाइन बदलणारी रुळाची पाती (पॉइंट) मोटरने, स्टेशनातल्या पॅनलवरून हलते. मध्ये चप्पल किंवा पाय सापडला तर सोडवायला वेळ मिळत नाही. नदीच्या पुलावर तर बाजूला उडी मारायलाही जागा नसते, तिथून कधीच जाऊ नका.

स्प्रिंकलरचे पाइप नेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वीस फुटी पाइप उभा धरला तर त्याचं टोक सहा मीटरवर जातं, आणि वरची २५ हजार व्होल्टची तार साडेपाच मीटरच्या आसपास असते. टेकायचीही गरज नाही, दोन मीटरच्या आत गेलं तरी जीव जाऊ शकतो. फाटकातून पाइप नेहमी आडवे न्या.

पटरीजवळ असताना गाडी दिसली तर ओझं टाका आणि भरावाखाली उतरा. रुळाला धरून पुढे पळू नका, दुसऱ्या लाइनवर जाऊ नका. दोन लाइनच्या मध्येच अडकलात तर खाली बसा, कपडे घट्ट आवळा, दोन्ही गाड्या जाईपर्यंत उठू नका. जनावर किंवा बैलगाडी रुळावर अडकली असेल तर स्वतः रुळाबाहेर राहून दोन्ही हात डोक्यावर उंच धरा. ड्रायव्हरसाठी तो थांबण्याचा इशारा आहे. रात्री कोणताही दिवा जोरजोरात हलवा. लगेच गेटमनला किंवा १३९ वर कळवा, आणि जवळच्या विजेच्या खांबावरचा आकडा सांगा. त्यात किलोमीटर आणि खांबाचा नंबर असतो, त्यावरून जागा नेमकी कळते.

१९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली पटरीवर चालणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडाने पांदण सुधारत नाही. जिथे लोक रोज रूळ ओलांडतात, तिथे ग्रामसभेचा ठराव करून भुयारी मार्ग मागा. आहे त्यात पाणी तुंबत असेल तर निचऱ्याची मागणी करा. अर्ज रेल्वेच्या योग्य मंडळाकडे (डिव्हिजनकडे) गेला पाहिजे. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा मध्य रेल्वेच्या भुसावळ मंडळात येतात. धामणगाव, वर्धा, बल्लारशाह, काटोल मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळात. भंडारा, तुमसर, गोंदिया, नागभीड, वडसा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळात. नागपुरात मंडळ कार्यालयं दोन आहेत, म्हणून पत्त्यावर रेल्वेचं नाव पूर्ण लिहा आणि अर्जात त्या जागेजवळच्या दोन खांबांचे आकडे टाका.